पीक की पुंजी

व्याकरणाच्या तासाला ‘धातू’ हा शब्द आला की वर्गात एखादा विद्यार्थी हमखास हसतो. क्रियापदाच्या मूळ रूपाला आपण धातू म्हणतो, तांब्या-लोखंडालाही धातू म्हणतो, आणि वैद्यांच्या लेखी शरीरातील रस-रक्तादी सातही धातूच. ‘धा’, म्हणजे ठेवणे, धारण करणे, हे या साऱ्यांच्या मुळाशी आहे. जे धरून ठेवते ते धातू. सिंधुदुर्गात मराठी शिकवणाऱ्या आम्हा दोघांना या शब्दाने काही वर्षांपासून एका अनोळखी वाटेला लावले आहे, आणि ती वाट समुद्राच्या तळाशी जाते.

समुद्राला आपली भाषा रत्नाकर म्हणते. त्यातील ‘आकर’ म्हणजे खाण. हा अलंकार शब्दशः खरा ठरण्याची सुरुवात आपल्या शेजारीच झाली. गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिच्या ‘गवेषणी’ या जहाजाने 26 जानेवारी 1981 रोजी हिंदी महासागराच्या तळावरून बहुधातू गोटे वर काढले. असे गोटे जगाला ‘चॅलेंजर’ जहाजाच्या 1872 ते 1876 या सफरीपासून ठाऊक होते. भारताच्या हाती ते प्रथम आले ते त्या दिवशी. एका प्रदर्शनात आम्ही असा गोटा हातात घेऊन पाहिला. काळसर, खरबरीत, बटाट्याएवढा. रस्त्यात पडला असता तर कोणी वाकूनही पाहिले नसते. शार्क माशाच्या दाताभोवती किंवा एखाद्या खड्याभोवती पाण्यातील धातू थरावर थर बसत जातात आणि गोटा वाढतो. वाढीचा वेग दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर! आमच्या तळहातावरच्या त्या वस्तूपुढे मराठी भाषेचे सारे वय म्हणजे नखावरची रेघ.

या गोट्यापासून मिश्रधातू कसा होतो, हे समजून घेताना आम्हांला पाठचिकित्सेची आठवण झाली. हिंदी महासागरातील या गोट्यांत सुमारे 24 टक्के मँगनीज असते. निकेल आणि तांबे प्रत्येकी एक टक्क्याच्या आसपास, कोबाल्ट त्याहूनही किती तरी कमी. परंतु हे धातू निरनिराळ्या कणांत वेचून घेता येतील असे वेगळे नसतात. मँगनीज आणि लोखंडाच्या ऑक्साइडांच्या बांधणीतच ते अडकलेले असतात. प्रक्षेप कोणता आणि मूळ कोणते हे ओळखू येऊ नये, तसे. ती बांधणी मोडल्याशिवाय तांबे सुटत नाही. एक रीत अशी की गोटे कोळशासह विजेच्या भट्टीत वितळवायचे. निकेल, तांबे, कोबाल्ट आणि थोडे लोखंड एकत्र येऊन जड मिश्रधातू तळाशी बसतो, मँगनीज वरच्या मळीत राहते. दुसरी रीत, गोटे भाजून अमोनियाच्या द्रावणात धातू उतरवून घेण्याची. मळी असो की उरलेला गाळ, त्यात गारगोटी आणि कोक घालून पुन्हा भट्टी लावली की सिलिकोमँगनीज मिळते. ते पोलादात पडते, त्यातला ऑक्सिजन काढून घेते आणि त्याला बळकटी देते. जमशेदपूरच्या राष्ट्रीय धातुकर्म प्रयोगशाळेने आणि भुवनेश्वरच्या प्रयोगशाळेने या रीतींवर दीर्घकाळ काम केले आहे. हे ज्ञान स्वकष्टाचे आहे आणि त्याचा अभिमान वाटावा असेच आहे.

आमचे मन अडते ते एका सालापाशी. 1987 मध्ये मालवणचा किनारा सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. क्षेत्र सुमारे 29 चौरस किलोमीटर. त्याच वर्षी भारताला मध्य हिंदी महासागरात दीड लाख चौरस किलोमीटरचा तळ शोधकार्यासाठी मिळाला. अर्धा भाग पुढे परत केल्यावर उरलेल्या 75 हजार चौरस किलोमीटरांसाठी मार्च 2002 मध्ये आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी करार झाला. 29 चौरस किलोमीटरांवरून आमच्याकडे सभा झाल्या, मोर्चे निघाले. कारण इथे रापण ओढणारी माणसे आहेत आणि त्यांना तोंड आहे. तिकडच्या 75 हजारांवरून आमच्या जिल्ह्यात कोणी चकार शब्द काढल्याचे आम्हांला आठवत नाही. पाच हजार मीटर खोल गाव नसते, ग्रामसभा नसते, बोली नसते.

आमच्या एका विद्यार्थ्याने या विषयावर निबंध लिहिला आणि गोट्यांना ‘सागराचे पीक’ म्हटले. निबंध घरी वाचला गेला. त्याचे वडील मासेमारी करतात. पुढे बंदरावर भेटले तेव्हा त्यांनी विचारले, “सर, त्या दगडाक वाढूक किती वर्सां लागतत?” आम्ही सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “मगे ह्या पीक नाय, सर. ही पुंजी.”

या एका वाक्यात आम्हांला सारा विषय सापडला. जून-जुलैत किनाऱ्यावर मासेमारी बंद असते, कारण मासळी वाढायला वेळ द्यावा लागतो. पिकाला हंगाम असतो, विसावा असतो. पुंजीला हंगाम नसतो. ती खर्चली की खर्चली. पेरूच्या समुद्रात 1989 साली शास्त्रज्ञांनी तळावर नांगरासारखे अवजार ओढून पाहिले होते. सव्वीस वर्षांनी गेले तेव्हा ते चर जसेच्या तसे होते. जमिनीवरची नांगरट एका पावसात बुजते. तिथे पाऊस नाही.

म्हणून काय हात लावूच नये? असे म्हणणे आम्हांला अप्रामाणिक वाटते. कोबाल्ट आणि निकेल यांसाठी आपला देश जवळजवळ पूर्णपणे आयातीवर अवलंबून आहे, आणि ते आमच्याही खिशातल्या फोनमध्ये आहे. शिवाय जमिनीवरची खाण काही निर्दोष नसते. रेडी आणि कळणे आमच्याच जिल्ह्यात आहेत. 2021 मध्ये राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेचे ‘वराह’ हे यंत्र 5270 मीटर खोल तळावर चालून आले. नाव ठेवणाऱ्याला पुराण ठाऊक होते. फक्त पुराणातला वराह बुडालेली पृथ्वी वर काढून तिला स्थिर करतो. तो तिच्यातून काही काढून नेत नाही. 2025 सालापर्यंत तरी उत्खननाची आंतरराष्ट्रीय नियमावली पूर्ण झाली नव्हती. म्हणजे विचार करायला अवधी आहे, आणि विचार हेच तर आमचे काम.

आम्हांला सुचते ते घरातलेच आहे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त, कासे म्हणजे तांबे आणि कथील. मिश्रधातू कोकणातल्या स्वयंपाकघरांना नवे नव्हते. हंडा फुटला तर आजीने तो कधी टाकला नाही. तो मोडीत गेला, मोडीचा भाव वजा झाला, आणि नवा हंडा घरात आला. ‘मोड’ हा शब्द आज आमच्या वर्गात अर्थ सांगून शिकवावा लागतो, तो बियाण्याच्या मोडापासून वेगळा करून. जुने फोन, जुन्या बॅटऱ्या यांची मोड किती घरांत खणात पडून आहे, ती आधी मोजावी. तीत तांबे, निकेल, कोबाल्ट सारे आहे, आणि ती काढायला कोणाच्या तळाला चर पडत नाही. एवढे करूनही गरज उरली, तर पुंजीला हात घालणारा माणूस जसा घालतो तसा तो घालावा. मोजून, थोडा, आणि घरातल्या सर्वांना सांगून.