मुक्काम मनोरीला

अंधेरीच्या माणसाने मनोरीला मुक्कामाला जायचं, हे ऑफिसात कुणालाच पटेना. दोन्ही ठिकाणं मुंबई उपनगर जिल्ह्यातली. रात्री घरी का परतत नाहीस, असा सगळ्यांचा सवाल. पण सायकलने किनारा धरून निघालं की लोकल गाडीचा हिशेब उपयोगाचा नसतो. वर्सोव्याहून मढला रस्त्याने जायचं तर मालाडवरून वीसेक किलोमीटरचा वळसा, आणि बोटीने गेलं तर काही मिनिटांत पलीकडे.

वर्सोव्याच्या जेटीवर मासळीच्या पाट्या आणि मोटारसायकली यांच्या मधोमध सायकल धरून उभा राहिलो. मढला उतरल्यावर रस्त्यालगत वलांड्यांवर बोंबील वाळत होते. दोर्‍या-सुतळीची गरजच नाही. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवला की जोडी बांबूवर लटकते. एरंगळला संत बोनाव्हेंचरचं पोर्तुगीज काळातलं चर्च थेट वाळूला लागून आहे. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी इथे जत्रा भरते आणि तिला सगळ्या धर्मांचे लोक येतात. आक्सा मागे पडेपर्यंत दुपार कलली आणि वायव्येचा वारा तोंडावर आला. मार्व्याला पोचलो तेव्हा पायांत गोळे आले होते. खाडी ओलांडायला पुन्हा बोट.

मनोरीत एका मित्राच्या ओळखीच्या मावशींकडे उतरायचं होतं. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या ईस्ट इंडियन बाई. मी दारात पोचताच त्यांचं पहिलं वाक्य, "सायकल आत घे, खाऱ्या वाऱ्याने रात्रीत गंज धरते." मग विहिरीचं पाणी काढून दिलं. कोण, कुठला, हे विचारलं ते मी हातपाय धुऊन ओट्यावर बसल्यावरच.

जेवायला खाडीतल्या बोयांचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या होत्या. कालवणात बाटली मसाला. पाऊस लागायच्या आत मिरच्या नि वीसेक जिन्नस भाजून, कुटून काळ्या बाटल्यांत दाबून भरायचे आणि वर्षभर पुरवायचे. "आता कुटणाऱ्या बायका मिळत नाहीत," मावशी म्हणाल्या, "पण गिरणीतला मसाला मला चालत नाही." 1887 साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, इथल्या मूळ मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांनी ईस्ट इंडियन हे नाव घेतलं. बाहेरून नोकरीसाठी आलेल्यांची आडनावंही त्यांच्यासारखीच पोर्तुगीज. आपण इथलेच आहोत हे सरकारला कळावं, हा हेतू. मावशींनी हे सगळं एका दमात सांगितलं आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

अनोळखी माणसाला घरात ठेवायला भीती नाही वाटत, असं मी विचारलं. त्या हसल्या. लहानपणी त्यांच्या घरात एक चटई कायम जादा गुंडाळून ठेवलेली असे. शेवटची बोट चुकलेला माणूस रात्रीचा जाणार कुठे? कधी भाजीवाला, कधी मास्तर, कधी वऱ्हाडातला कुणी. दार वाजलं की वडील आधी चटई काढत आणि नाव मागाहून विचारत. मला जे मोठं मन वाटत होतं, ती त्यांच्या लेखी खाडीकाठची साधी व्यवस्था होती. आमच्याकडे शेवटची लोकल चुकली तर माणूस फलाटावर बसून पहाटेची वाट बघतो.

सकाळी गोराईच्या जेटीवरून बोरिवली गाठायची होती. निघताना पाकीट काढलं तर मावशींनी हात धरला. "तुझ्याकडे कुणी सायकलवाला आला, तर त्याला ठेव. झाली परतफेड."

घरी आल्यावर आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना हे सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, पाहुण्याचं आधारकार्ड लागेल, वॉचमनच्या वहीत नोंद लागेल, आणि सायकल पार्किंगमध्ये लावता येणार नाही. ती मी घरातच घेईन, असं सांगून टाकलं. तसंही आमच्याकडे खारा वारा येतोच.