एक तृतीयांश घोडा

वय वाढते तसतसे माणसाचे जग आक्रसत जाते. मात्र ही गोष्ट ज्याची त्याला फार उशिरा उमगते. कारण ते एकदम आक्रसत नाही. आधी लांबच्या वाटा सुटतात, मग चढाच्या सुटतात, आणि एके दिवशी ध्यानात येते, की गेल्या वर्षभरात आपण टिळकवाडीबाहेर पडलो ते एक तर लग्नकार्याला, नाही तर दवाखान्यात, आणि तेही रिक्षाने. तरुणपणी बेळगावभोवतीचा दहा-बारा मैलांचा मुलूख आम्हांस सायकलीमुळे घरच्या अंगणासारखा होता. हिंडलगा, काकती, येळ्ळूर ही नावे अलीकडे फक्त बसच्या पाट्यांवर वाचावयाची उरली होती.

येथे ‘आम्ही’ म्हणतो, ते संपादकी थाटाचे ‘आम्ही’ नव्हे. आम्ही खरोखरीच दोघे आहोत. लेखणी एकाच्या हातात असली, तरी मजकूर उभयतांचा आहे.

आमच्यापैकी एकाच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळी बसविलेली आहे आणि दुसऱ्याचे गुडघे झिजलेले आहेत. कोणाचे काय, हे सांगून वाचकांचा गैरसमज दूर करण्याचे कारण नाही. एकास जाळीचे धनी आणि दुसऱ्यास गुडघ्यांचे धनी म्हटले म्हणजे पुरे. डॉक्टरांनी दोघांनाही व्यायाम सांगितला, आणि आमच्या वयाला व्यायाम म्हणजे चालणे. अडचण आली ती येथेच. जाळीच्या धन्यांनी अर्धा तास भरभर चालावे, अशी आज्ञा होती. गुडघ्यांच्या धन्यांना दहा मिनिटांत टेकावयास कट्टा लागे. बरोबर निघालो, तर एकाने प्रत्येक कोपऱ्यावर थांबून मागे पाहावयाचे आणि दुसऱ्याने कळ दाबीत पाय उचलावयाचे. अशाने दोघांच्याही व्यायामाचे मातेरे होऊ लागले. शेवटी काही न बोलता, जणू ठरल्यासारखे, आम्ही वेगवेगळ्या वेळी फिरावयास जाऊ लागलो. व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत एक जण सकाळी, दुसरे संध्याकाळी. चाळीस वर्षांच्या संसारात जे भांडणांनी घडविले नव्हते, ते गुडघ्यांनी घडविले. औषधांच्या गोळ्यांपेक्षा ही व्यवस्थाच आम्हांस अधिक म्हातारे करीत होती, असे आता वाटते.

सायकलीची कल्पना गुडघ्यांच्या धन्यांची. सायकलीवर अंगाचा भार बहुतांशी सीट घेते, गुडघ्याला केवळ फिरावे लागते. म्हणून सपाटीवर सायकल चालविण्यास डॉक्टरांची ना नव्हती. पण आमच्या गावात सपाटी शोधावयाची कोठे? बेळगाव बसले आहे सह्याद्रीच्या पाठीवरील लाटांत. कॅम्पातून निघा, शहापुरातून निघा, फर्लांगभर उतार लागला की पुढे तेवढाच चढ उभा. पावसाळ्याच्या तोंडी पश्चिमेचा वारा सुटतो, तेव्हा सपाट रस्तादेखील चढ होतो. साध्या सायकलीचा चढ गुडघ्यांना मानवणार नव्हता आणि जाळीलाही.

वास्तविक या गावाला सायकलीचे वावडे असण्याचे कारण नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असता त्यांनी आणि त्यांचे बंधू रामूअण्णा यांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढचे नांगर आणि पंप, १९१० ची किर्लोस्करवाडी, हा सारा पसारा त्या दुकानातून वाढला. गावात किर्लोस्कर रोड आहे. त्या रस्त्यावर आज खरेदीच्या गर्दीत सायकल काढणे हे धाडसाचे काम आहे, ही गोष्ट वेगळी. आमच्या पिढीने तासाच्या भाड्याने सायकल घेऊन, दांड्याखालून पाय घालून, गुडघे फोडून घेऊन ती विद्या मिळविली. संध्याकाळी दिवा नसला की पोलीस चाकांतील हवा सोडून देई. हे सारे मनात साठलेले होतेच; प्रश्न फक्त चढाचा होता.

तो प्रश्न सोडविणारी विजेची सायकल काही कालची नाही. मागील चाकाच्या तुंब्यातच मोटर बसविण्याचे पेटंट अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन यांना १८९५ साली मिळाले होते. म्हणजे किर्लोस्करांचे दुकान सात वर्षांचे असताना. पण त्या काळच्या बॅटऱ्यांचे ओझे पाहता ती कल्पना कागदावरच राहिली, तर नवल नाही. पायडल मारणाऱ्याला त्याच्या जोराच्या मानाने मदत करणारी सायकल जपानात यामाहा कंपनीने १९९३ साली विक्रीस आणली, आणि लिथियमच्या हलक्या बॅटऱ्या आल्यावर ती आमच्यासारख्यांपर्यंत पोहोचली. आपल्याकडील नियमानुसार मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असला, म्हणजे तिला नोंदणी लागत नाही आणि परवानाही लागत नाही.

२५० वॅट म्हणजे किती? एक घोडाशक्ती ७४६ वॅटची. तेव्हा हा झाला एक तृतीयांश घोडा. हसू येते खरे, परंतु साधारण प्रकृतीच्या माणसाचे पाय तासभर न थकता जो जोर लावू शकतात, तो शंभर वॅटच्या आगेमागेच असतो; आमच्या वयात तेवढाही नाही. एवढ्याशा जोराला घोड्याचा तिसरा हिस्सा येऊन मिळाला, की चढाचे रूपच पालटते. जाळीच्या धन्यांना हिशेबाची आवड असल्यामुळे त्यांनी हेही मांडून पाहिले, की माणूस आणि सायकल मिळून शंभर किलो धरले, तर शंभर मीटर उंची चढावयास निव्वळ २७ वॅट-तास लागतात. आमच्या बॅटरीत ३६० वॅट-तास मावतात. वारा, घर्षण, मोटरची उष्णता यांत पुष्कळ जाते ते धरूनही शिल्लक राहते, आणि पूर्ण बॅटरी भरावयास विजेचे अर्धे युनिटही लागत नाही.

खरेदीची हकीकत थोडी विस्ताराने सांगतो, कारण घेणाऱ्याची फसगत होण्याच्या जागा तिथेच आहेत. पहिल्या दुकानात विक्रेत्याने मोठ्या उत्साहाने हँडलची मूठ पिळून दाखविली. “काका, पायडल मारायलाच नको की ओ!” त्या बापड्यास वाटले, म्हाताऱ्यांना हेच हवे असणार. आम्हांस तर पायडल मारावयाचे होते! नुसते वाहून न्यावयास स्कूटर होतीच. तिथेच चालवून पाहिलेल्या सायकलीला दुसरीही खोड होती. पायडल फिरू लागले एवढेच तिला कळे. जोर किती लावला, हे कळत नसे. पाय जरा हलला की ती हिसडा देऊन पुढे उडी घेई. वळणावर हळू जाणाऱ्या माणसाला असा हिसडा म्हणजे सरळ जमिनीची वाट. दुसऱ्या जातीच्या सायकलीत पायडलवरचा दाब मोजण्याची सोय असते. हलके दाबा, हलकी मदत. जोराने दाबा, अधिक मदत. ती महाग पडते. तरी आमच्या वयाच्या माणसाने इतर सर्व ठिकाणी काटकसर करावी, येथे करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. मूठ आमच्याही सायकलींना आहे. चौकात किंवा चढावर थांबून पुन्हा निघताना गुडघ्याला जो पहिला झटका बसतो, तेवढ्यापुरती ती पिळावयाची, असा घरचा कायदा आहे.

दुसरा प्रश्न दांड्याचा. आमच्या लहानपणी उतरत्या दांड्याच्या सायकलीला ‘लेडीज’ म्हणत आणि पुरुषाने तिच्यावर बसणे म्हणजे गल्लीभर हसे. परंतु साठीनंतर पाय मागून उंच टाकून सायकलीवर चढणे, हा खुब्याच्या हाडाशी मांडलेला जुगार आहे. आम्ही दोन्ही सायकली उतरत्या दांड्याच्याच घेतल्या आणि सीट इतकी खाली केली, की थांबताना दोन्ही पाय जमिनीस टेकावेत. गल्लीत कोणी हसले नाही. हसणारे आमच्याच वयाचे होते, आणि त्यांपैकी बहुतेक आता पुण्याला किंवा बंगळूरला मुलांकडे असतात.

तिसरी गोष्ट वजन. बॅटरीसकट २४ किलो. जिने चढविण्याचा विचार नको. तळमजल्यावर जागा हवी. बॅटरी तेवढी कुलूप काढून वर नेता येते. ती आम्ही दिवसा, डोळ्यांसमोर, तिच्याच चार्जरने भरतो. रात्री लावून झोपत नाही आणि उन्हात ठेवीत नाही. सबंध सायकलीत बॅटरीच सर्वांत महाग, तेव्हा तिची बडदास्त घरच्या जावयासारखी ठेवावी लागते.

मुलाने पुण्याहून एकच प्रश्न विचारला, “पडलात तर?”

प्रश्न रास्त होता आणि त्याला वादाने उत्तर नव्हते. पाय घसरण्याच्या भीतीने घरी बसलेली माणसे न्हाणीघरात पडतात, हे आम्ही त्यास सांगितले, पण त्याने त्याचे समाधान झाले नाही, आणि होऊही नये. मग आम्ही महिनाभर भल्या पहाटे एका मोकळ्या मैदानात नुसती तालीम केली. वळणे, थांबणे, एका हाताने इशारा देणे, आणि मुख्य म्हणजे ब्रेक. कारण जड सायकल उतारावर आपल्या मनाने धावू लागते. शिरस्त्राण घातल्याखेरीज फाटकाबाहेर पाऊल नाही. पावसात नाही, अंधारात नाही. मुलाने हे सारे ऐकून घेतले आणि पुढच्या खेपेस येताना दोन तेजस्वी दिवे घेऊन आला. ते दिवसाही लावीत जा म्हणाला. लावतो.

एका स्नेह्यांनी विचारले, “अहो, तुम्ही सायकल चालवता की सायकल तुम्हाला?” या थट्टेत एक खरा प्रश्न लपला आहे. मोटर मदत करीत असेल, तर व्यायाम कसला? डॉक्टरांनी आम्हांस एक सोपे माप सांगितले होते. व्यायाम असा असावा, की करताना बोलता यावे, पण गाता येऊ नये. (आमच्यापैकी एकास एरवीही गाता येत नाही, पण ते असो.) साध्या सायकलीवर चढ आला की जाळीच्या धन्यांचे बोलणे बंद पडे आणि मनगटावरचे घड्याळ नाडीचे ठोके १४० च्या वर दाखवी. विजेच्या सायकलीवर तोच चढ ११० च्या आसपास निघतो. पाय फिरतात, अंगाला घाम येतो, श्वास वाढतो, पण कोठेही तुटेपर्यंत ताणले जात नाही. आणि दमणूक सोसवते म्हणून माणूस अर्ध्या तासाऐवजी दीड तास बाहेर राहतो. चष्मा लावून वाचणाऱ्यास कोणी ‘तुम्ही वाचता की चष्मा वाचतो’ असे विचारीत नाही, एवढे आम्ही त्या स्नेह्यांना सांगितले. त्यांनी पुढच्या आठवड्यात किंमत विचारली.

परंतु आमच्या दृष्टीने खरा लाभ व्यायामाचाही नाही. मदतीचे प्रमाण हँडलवरील बटणाने कमीजास्त करता येते. जाळीचे धनी एक आकडा ठेवतात, गुडघ्यांचे धनी तीन. आणि दोन्ही सायकली शेजारी शेजारी चालतात. कोणी कोपऱ्यावर थांबून मागे पाहत नाही. किती वर्षांनी आम्ही एका चालीने चाललो! पहिल्या दिवशी हे ध्यानात आले, तेव्हा बराच वेळ दोघेही काही बोललो नाही. बोलता येत असूनही.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी येळ्ळूरच्या राजहंसगडावर गेलो. वडगाव मागे पडले की दोन्ही बाजूंस भाताची शिवारे लागतात. बेळगावी बासमती याच पट्ट्यातली. कापणी होऊन गेली होती आणि त्याच ओलीवर मसूर उगवून आला होता; दव असे, की हातमोजे भिजले. येळ्ळूर गावापुढे गडाचा चढ सुरू होतो. विद्यार्थिदशेत तेथे उतरून सायकल ढकलीत न्यावी लागे. आता मदतीचा आकडा पाचवर नेला, लहान गिअर टाकला आणि चालत्या माणसाहून थोड्या अधिक वेगाने, बोलत बोलत वर निघालो. शेवटच्या वळणावर गुडघ्यांच्या धन्यांनी दोन मिनिटे थांबू या म्हटले, थांबलो. खालून शर्यतीच्या हलक्या सायकलींवर तीन-चार मुले घामाघूम होऊन आली. एकजण आमच्या बॅटरीकडे पाहून म्हणाला, “आजी-आजोबा, बरं हाय की ओ तुमचं!” आणि दात-ओठ खात पुढे गेला. त्याचेही बरेच होते. त्याला ठाऊक नव्हते, इतकेच.

वर सिद्धेश्वराचे देऊळ आहे आणि मार्च २०२३ मध्ये अनावरण झालेला शिवछत्रपतींचा पुतळा. तटावरून सारे बेळगाव दिसते. हिंडलगा कोणत्या बाजूस, काकती कोणती, यावर आमचा थोडा वाद झाला. उतरताना दोन्ही ब्रेक धरून, हळूहळू. परत येताना वडगावात मागील चाक बसले. पंक्चरवाल्या मामांनी तुंब्यातून निघालेली वायर पाहून हात आखडता घेतला. “करंट मारणार नाही न्हवं?” छत्तीस व्होल्टच आहेत, मारीत नाही, असे समजावून वायरचा जोड आम्हीच सोडविला, तेव्हा त्यांनी चाक काढले. बॅटरीच्या पाच रेघांपैकी दोन अजून उरल्या होत्या.

जानेवारीत देवरवाडीच्या वैजनाथाचा बेत आहे. वाट अधिक लांबची. जाळीचे धनी कागद घेऊन वॅट-तासांचा हिशेब मांडीत बसले आहेत, आणि गुडघ्यांच्या धन्यांचे म्हणणे, हिशेब कशाला, चार्जर पिशवीत टाकावा आणि देवळाजवळ चहा जरा सावकाश घ्यावा.