स्वभावाचें माप

चौतीस वर्षें मीं शाळेंत मुलांच्या प्रगतिपुस्तकांत शेरे लिहिले. गणिताला १०० गुण, संस्कृताला १००. स्वभावाला मात्र एकच शब्द: ‘हट्टी’, ‘तापट’, ‘उर्मट’. तो लिहावयास मला कधीं क्षणभराहून अधिक वेळ लागला नाहीं.

गेल्या श्रावणांत माझ्या या सवयीचीच परीक्षा झाली. आंबिवलीस आम्ही दोघे भाऊ एकत्र राहतों. धाकट्याचा मुलगा २४ वर्षांचा. दोन वर्षांत त्यानें तीन नोकऱ्या सोडल्या; भरल्या पानावरून उठणें, दार लावून बसणें हें नित्याचेंच झालें. ‘स्वभावाला औषध नाहीं’ असें म्हणून मीं तो विषय कितीदां तरी मिटविला होता. अखेर त्याच्या आईनें ठाण्याच्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंचें नांव काढलें आणि घर एकदम गप्प झालें. १९०१ सालीं तेथें स्थापन झालेल्या मनोरुग्णालयामुळें ‘ठाण्याला धाडा’ ही आपल्याकडची थट्टाच होऊन बसली आहे. रागाच्या भरांत ती मीही एकदां पुतण्याला ऐकविली होती.

तरी तो गेला. तेथें त्याला जी प्रश्नावली दिली, ती अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघानें २०१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणाबरोबर आलेली. तिच्यांत २२० विधानें. अगदीं खोटें वाटल्यास शून्य, अगदीं खरें वाटल्यास तीन. त्यांवरून २५ लक्षणांचें माप निघतें. चिंता व क्षोभ, अलिप्तता, वैरभाव, असंयम आणि विचारांची विक्षिप्तता असे त्यांचे पांच मोठे गट आहेत. हीं लक्षणें थोडींफार आपणां सर्वांतच असतात; तीं किती आहेत व त्यांनीं रोजचें जगणें किती अडतें, हें पाहावयाचें. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणांतही प्रथम सौम्य, मध्यम कीं तीव्र, हेंच ठरवितात.

जवळच्या माणसानें भरावयाचा २१८ विधानांचा निराळा कागद असतो. तो माझ्याकडे आला. शब्दकोश घेऊन मी ओटीवर बसलों. त्याच्या रागाविषयींच्या विधानांना भराभर तीन देत गेलों. पुढें त्याच्या काळज्या, त्याला वाटणारी भीति यांविषयींचीं विधानें आलीं आणि लेखणी थांबली. मला कांहींच ठाऊक नव्हतें. अंदाजानें शून्य मांडीत गेलों.

पुढें पुतण्याच्या संमतीनें बाईंनीं दोन्ही कागद शेजारीं ठेवून दाखविले. जेथें मीं शून्य मांडलें होतें, तेथें बहुतेक ठिकाणीं त्याचे तीन होते. “एवढ्यावरून निदान करीत नाहींत,” बाई म्हणाल्या, “अजून पुष्कळ बोलावें लागेल. पण तुम्हां दोघांच्या उत्तरांतलें हें अंतरही उपयोगीं पडेल.” नव्या ठिकाणीं चूक होईल या धास्तीनें त्याला रात्र रात्र झोंप येत नसे, हें मला त्या दिवशीं कळलें. एकाच छपराखालीं राहून!

घरोघरच्या वडीलधाऱ्यांस माझी एवढीच विनंति आहे. तें माप घेणें तज्ज्ञांचें काम. परंतु मुलाविषयीं शेवटचा शब्द उच्चारण्यापूर्वीं आपल्याला त्याचें काय काय ठाऊक नाहीं, एवढें तरी मनाशीं मोजावें.

पुतण्या अजून दर गुरुवारीं ठाण्याला जातो. मी स्टेशनपर्यंत सोबत जातों. परवां गाडी येण्यापूर्वीं तो आपण होऊन म्हणाला, “काका, तुम्हीही चला एकदां.”