टॅलिस फँटेशिया ऐकताना

राल्फ व्हॉन विल्यम्स यांची ‘थॉमस टॅलिसच्या सुरावटीवरील फँटेशिया’ ही रचना केवळ तंतुवाद्यांसाठी आहे. व्हायोलिन, व्हिओला, चेलो आणि डबल बेस यांखेरीज तिच्यात काहीच नाही. वादकांचे तीन गट पडतात: एक मोठा वाद्यवृंद, नऊ जणांचा छोटा वृंद आणि मोठ्या वृंदातल्याच प्रमुख चार वादकांचे चतुष्क. छोट्या वृंदाने शक्यतो दूर बसावे, अशी संगीतकाराचीच सूचना आहे. मूळ सुरावट टॅलिसने आर्चबिशप पार्कर यांच्या १५६७ च्या स्तोत्रसंग्रहासाठी रचली होती. व्हॉन विल्यम्स यांनी संगीत-संपादन केलेल्या ‘इंग्लिश हिम्नल’ या १९०६ च्या संग्रहातही ती आहे. फँटेशिया ६ सप्टेंबर १९१० रोजी ग्लॉस्टरच्या कॅथीड्रलमध्ये त्यांच्याच संचालनाखाली प्रथम वाजली.

सारी वाद्ये एका जातकुळीची असल्यामुळे हे वाद्य कोणते, ते कोणते, हे ओळखण्याच्या कामातून कान मोकळा होतो आणि त्याचे लक्ष संख्येकडे व अंतराकडे वळते. अनेक व्हायोलिने एकच स्वर धरतात तेव्हा प्रत्येकाची श्रुती केसभर वेगळी पडते, बोटांचे कंपनही वेगळ्या गतीचे असते. या सूक्ष्म फरकांतूनच वृंदाच्या स्वराला जाडी येते. एकटे व्हायोलिन कितीही जोरात वाजवले तरी ती मिळत नाही. वादकांनी गजाची दिशा निरनिराळ्या क्षणी बदलली, तर स्वर कुठेच तुटत नाही. कुणीही श्वास न घेता गात राहावे, तसा तो भासतो.

सुरुवातीला दूरवरून आल्यासारखे मंद स्वरसंघात येतात. मग खालच्या पट्टीतली वाद्ये तारा बोटांनी छेडून सुरावटीचे तुकडे ऐकवतात. पूर्ण सुरावट त्यानंतर गजावर येते, तीही आधी मध्य व मंद्र स्वरांत. पुढे मोठा वृंद एक वाक्य म्हणतो आणि दूरचे नऊ जण त्याला उत्तर देतात. या रचनेचे खरे मर्म इथे आहे. उत्तर हुबेहूब तेच असले तरी लांबून आल्यामुळे त्याचा अर्थ बदलतो. जवळचे बोलणे आणि त्याची आठवण एकाच वेळी कानावर पडते. एकल व्हिओला सुरू होतो, पाठोपाठ व्हायोलिन येते, तेव्हा इतक्या समूहानंतरचा तो एकटेपणा अंगावर येतो. तिथून सारे हळूहळू शिखराकडे चढते.

मराठी कानाला या सुरावटीत ओळखीचे काही सापडते. तिचा फ्रिजियन मोड म्हणजे भैरवी थाटाचीच स्वरावली: रे, ग, ध, नी कोमल. मात्र तिला भैरवी म्हणणे चुकीचे ठरेल. भैरवीचे चलन इथे नाही, मींडही नाही, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक स्वराखालचे स्वरसंघात सतत बदलत राहतात. षड्ज तोच असूनही त्याचा रंग पालटतो. रचनेचा पहिला आणि शेवटचा स्वरसंघात मात्र शुद्ध गंधाराचा आहे. कोमल गंधारात मुरलेल्या कानाला अखेरचा तो गंधार उजेडासारखा वाटतो, आणि मैफल भैरवीने संपण्याची सवय असलेल्याला तो अधिकच जाणवतो.

पहिल्याच सादरीकरणाला आलेल्या तरुणांत हर्बर्ट हॉवेल्स आणि आयव्हर गर्नी हे दोघे होते. त्या रात्री झोप न येऊन आपण दोघे ग्लॉस्टरच्या रस्त्यांवर फिरत राहिलो, असे हॉवेल्स यांनी पुढे सांगितले आहे. हे संगीत फार जुने की अगदी नवे, हे ऐकणाऱ्याला ठरवता येत नाही, अशा आशयाचे मत ‘टाइम्स’च्या समीक्षकाने नोंदवले. दोन्ही प्रतिसाद खरे आहेत. कोणाला त्याने बेचैन केले, तर कोणाला काळाचे भानच उरले नाही.

ध्वनिमुद्रणात ही रचना काहीशी सपाट होते, कारण अंतर हाच तिचा आशय आहे. हेडफोनमध्ये डावे-उजवे कळते, पुढचे-मागचे क्वचितच. जॉन बार्बिरोली यांचे १९६२ चे ध्वनिमुद्रण लंडनच्या टेंपल चर्चमध्ये झाले असल्याने दगडी भिंतींचा घुमारा त्यात उतरला आहे, म्हणून पहिल्या श्रवणासाठी तेच घ्यावे. आवाज सुरुवातीला वाढवू नये. पुन्हा ऐकताना मुख्य सुरावट सोडून फक्त डबल बेसचा माग काढावा, नंतर केवळ दूरच्या नऊ जणांचा.