दिघीची खाडी

अमुक गांवाहून तमुक गांव किती दूर, हा प्रश्न मीं शाळेंत मुलांस अनेक वर्षें विचारला; परंतु त्याचें खरें उत्तर मला दिघीच्या धक्क्यावर मिळालें.

दिघी हें रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यांतील, राजपुरीच्या खाडीच्या दक्षिण कांठावरचें बंदर. उत्तर कांठावर आगरदांडा, आणि खाडीच्या मुखाशीं जंजिऱ्याचे बुरूज. हवा निवळ असली म्हणजे समोरचा किनारा स्पष्ट दिसतो. मधलें पाणी अवघें दोन-चार किलोमीटरांचें. पण जमिनीनें जावयाचें झाल्यास म्हसळ्याकडून सगळ्या खाडीला वळसा पडतो. १९४८ पर्यंत खाडीच्या दोन्ही बाजू जंजिरा संस्थानांत होत्या आणि राजधानी मुरुडास होती. श्रीवर्धनच्या माणसास तेथें जावयाचें तर हें पाणी ओलांडणें, नाहीं तर तो वळसा घेणें, एवढेंच दोन मार्ग.

आपल्या पूर्वजांनीं अंतराला नांवें मोठ्या मार्मिकपणें दिलीं. ‘योजन’ म्हणजे एकदां जुंपलेल्या जनावरांनीं चालावयाची मजल, आणि ‘क्रोश’ म्हणजे मारलेली हाक ऐकूं जाईल तेवढें अंतर. वाट किती लांब यापेक्षां माणसाची शक्ति कोठवर पोंचते, हें त्यांनीं मोजलें.

माझी धाकटी बहीण मुरुडास दिली होती, आणि मी दिघीच्या पंचक्रोशींत शिक्षक होतों. एका श्रावणांत निरोप आला, “प्रसूति कठीण आहे, असाल तसे या.” मी धांवत धक्क्यावर गेलों. वारा उलटा, खाडी फेसाळलेली. तांडेलानें मान हलविली. “मास्तर, आज दर्या ऐकायचा नाय. घरा जावा.” समोरचा किनारा दिसत होता, हाक मात्र तेथवर पोंचणारी नव्हती. एस. टी. नें वळसा घेत, ओढ्यांचा पूर ओसरण्याची वाट पाहत, मी दुसऱ्या दिवशीं दुपारीं पोंचलों. बहीण वांचली. बाळ मला पाहावयास मिळालें नाहीं. “दादा आला का?” असें ती रात्रभर विचारीत होती, हें मागाहून तिच्या सासूबाईंनीं सांगितलें.

पुढें भूगोलाच्या वाचनांत उत्तर ध्रुवाजवळच्या दोन वस्त्या भेटल्या, रेझोल्यूट आणि ग्रीझ फियॉर्ड. १९५३ सालीं कॅनडा सरकारनें दक्षिणेकडून कांहीं इन्युइट कुटुंबें या ओसाड भागांत आणून वसविलीं, आणि तीं करतांना आप्तांची ताटातूट झाली. त्याबद्दल सरकारनें २०१० मध्यें क्षमा मागितली. दोहोंमधील अंतर सरळ रेषेंत सुमारें ३८५ किलोमीटर. मधून रस्ता नाहीं. लहान विमानाला जेमतेम सव्वा-दीड तास लागावा. पण धुकें पडलें, वादळ सुटलें, कीं ताशांचे दिवस होतात. तेथेंही कोणी दादाची वाट पाहत बसली असेल, असें तें वाचतांना मनांत आल्यावांचून राहिलें नाहीं.

आतां दिघीहून मोटारीही फेरीबोटींत चढून अर्ध्या तासाच्या आंत आगरदांड्यास उतरतात. सागरी महामार्गासाठीं या खाडीवर पूल बांधण्याची योजनाही आहे. तो झाला म्हणजे फार बरें होईल. तोंवर तरुण वाचकांस एवढेंच सांगणें कीं, पलीकडच्या तीरीं आपलें माणूस असेल, तर पाणी शांत आहे तोंच जाऊन यावें.