सी आठवरचं प्यादं

एंडगेमचं कोडं एकटं सोडवताना आपण आपल्याच सवयींशी बोलत बसतो. नेहमी सुचणारी चाल पुन्हा सुचते, कधीच न सुचणारी तशीच राहून जाते. म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना जोडीनं बसवते, आणि जोडी लावताना वेगळ्या वळणाची दोघं शोधते. मी सांगलीची. भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ साली नूतन बुद्धिबळ मंडळ काढलं ते आमच्या गावात, त्यामुळे पटाची ओढ लहानपणापासूनची. माझी स्वतःची जोडी मात्र जमली ती लग्नानंतर, तंजावरला, मामेसासऱ्यांबरोबर.

मामा तंजावरी मराठी. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावर घेतलं, त्यानंतर इकडे आलेल्या घरांपैकी त्यांचं एक. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. बुद्धिबळ ते त्यांच्या आजोबांकडून शिकले, तेही देशी नियमांनी. देशी खेळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं. राजाला शह बसला नसेल तर एकदा घोड्यासारखी अडीच घरं उडी मारता येते. आणि प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ते ज्याचं घर त्याचाच मान त्याला मिळतो: हत्तीच्या घरात हत्ती, उंटाच्या घरात उंट. वजीर हवा असेल तर राजाच्या किंवा वजिराच्या घरातच पोचावं लागतं. म्हणजे प्यादं कुठल्या वाटेनं न्यायचं याचा विचार पाच-सहा घरं आधीच करायचा.

आमचा शिरस्ता असा, की सोंगट्यांना हात लावायचा नाही, चाली तोंडानं सांगायच्या. मेल वीथीतल्या घराच्या ओट्यावर एका संध्याकाळी मी मांडलं ते एंडगेममधलं फार गाजलेलं कोडं. पांढरा राजा बी ६ वर, प्यादं सी ६ वर. काळा राजा कोपऱ्यात ए १ वर, काळा हत्ती डी ५ वर. चाल पांढऱ्याची, आणि जिंकायचं पांढऱ्यानं.

पहिली चाल मामांनी लगेच सांगितली, प्यादं सी ७. काळा हत्ती डी ६ वरून शह देतो. आता राजा न्यायचा कुठे? मामा थांबले. सी ५ वर नेला तर हत्ती डी १ वर जाऊन बसतो, आणि प्यादं वजीर झालं की सी १ वरून शह देऊन राजामागचा वजीर मारतो. बी ७ वर नेला तर हत्ती डी ७ वर येऊन प्यादं जागीच बांधतो. उरतं बी ५. हत्ती पुन्हा शह देतो, राजा बी ४, पुन्हा शह, राजा बी ३, पुन्हा शह. असा पायरी पायरीनं राजा खाली उतरतो आणि शेवटी सी २ वर येतो. इथे डी १ चं घर त्याच्या नजरेखाली येतं, म्हणून ती जुनी युक्ती आता चालत नाही.

काळा मात्र हुशार. तो हत्ती डी ४ वर ठेवतो. प्याद्याचा वजीर केला की हत्ती सी ४ वरून शह देतो. वजिरानं हत्ती घेतला तर काळ्या राजाला शह नाही आणि सरकायला घरही नाही. डाव बरोबरीत.

इथे बहुतेक सगळे अडकतात. हात आपोआप वजिराकडे जातो, कारण विलायती नियमानं वजीर कुठेही मिळतो. मामांचं डोकं तसं चालत नाही. ते आधी म्हणाले, "सी आठ हे उंटाचं घर. आमच्याकडे इथे उंटच मिळाला असता, आणि उंटानं काही जिंकता येत नाही." मग मला विचारलं, "तुमच्या नियमात काहीही मागता येतं ना? मग हत्ती माग." मी विचारलं, का? "वजीर तिरकाही चालतो, म्हणून सी ४ वरून तो ए २ धरतो आणि राजाचा श्वास कोंडतो. हत्ती तेवढं धरत नाही." मग त्यांनी पुढचं सांगितलं: हत्ती ए ८ वर जाऊन मात करील ही भीती, म्हणून काळा हत्ती ए ४ वर येतो, आणि पांढरा राजा बी ३ वर जाऊन एकाच वेळी हत्तीवर आणि सी १ वरच्या मातेवर डोळा ठेवतो.

हे उत्तर जगाला सापडलं तेही दुसऱ्या माणसामुळे. १८९५ साली ग्लासगोच्या एका वृत्तपत्रात बुद्धिबळाचं सदर लिहिणाऱ्या बार्बिए यांनी ही मांडणी छापली ती काळा बरोबरी साधतो म्हणून. फर्नांडो सावेद्रा नावाच्या, त्याच शहरात राहणाऱ्या एका स्पॅनिश धर्मगुरूंनी ती पाहिली आणि हत्तीची चाल दाखवली. बुद्धिबळात त्यांचं नाव राहिलं ते या एका चालीमुळे. छापणाऱ्याला जे दिसलं नाही ते वाचणाऱ्याला दिसलं, यात मला कोड्याइतकाच आनंद वाटतो.

तंजावरात हे खेळायला बसलं की या मातीत पटाची मुळं किती खोल आहेत ते जाणवतं. तिरुवारूर जिल्ह्यातलं पूवनूर इथून फार दूर नाही. तिथल्या देवळातल्या शिवाचं नावच चतुरंग वल्लभनाथर. राजकन्येला पटावर हरवून त्यानं तिच्याशी लग्न केलं, अशी कथा आहे. ज्या सरफोजीराजांनी १८०३ साली बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरून घेतला, त्यांच्याच काळात, १८१४ साली, तिरुपतीकडच्या तिरुवेंकटाचार्य शास्त्रींचं पुस्तक मुंबईत छापलं गेलं. मूळ संस्कृत, छापलं इंग्रजीत, आणि भर सगळा शेवटच्या डावांच्या मांडण्यांवर. विलायती पद्धतीनं खेळणाऱ्यांसाठी एका दक्षिणी पंडितानं कोडी मांडावीत, याचं मला फार अप्रूप वाटतं. आणि जोडीचंच म्हणाल तर, १९५५ साली एलुरूला झालेल्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेतही रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या दोघं मिळून विजेते ठरले.

मामांनी उत्तर दिल्यावर मला वाटलं, आता पट आवरायचा. पण त्यांनी नवीच अट घातली: प्यादं तुझ्या नियमानं हत्ती होऊ दे, शेवट मात्र आमच्या नियमानं. देशी खेळात समोरचा राजा एकटा उरला की बुर्जी होते, आणि बुर्जीला कोणी पुरता विजय म्हणत नाही. म्हणजे मात करायची ती काळा हत्ती जिवंत ठेवून. राजा बी ३ वर आल्यावर काळा हत्ती मुद्दाम मरायला ए ३ वर येतो आणि शह देतो. घेतला की बुर्जी. मामा म्हणतात, राजानं सी २ ला परतावं. मी म्हणते, मग हत्ती ए २ वरून पुन्हा शह देईल, आणि तिथे तर त्याच्या मागे त्याचा राजा उभा आहे. ते म्हणतात, देऊ दे, त्यानंतर राजा डी ३ वर ने आणि मग बोल.