तडजोडीची ओळ

मोटार अपघाताचे दावे मी बरीच वर्षं चालवतो आहे. नवरा गेलेली बाई वकीलपत्रावर अंगठा उठवते, तेव्हा कागदात काय लिहिलंय हे बहुधा विचारत नाही. ती आपल्या तोंडाकडे बघते. त्या कागदात एक ओळ असते: वकिलाला तडजोड करण्याचा अधिकार. उमेदीच्या काळात ती ओळ न वाचताच मी कागद पुढे सरकवत असे. भोपाळच्या खटल्याची कागदपत्रं वाचली आणि हात अडखळू लागला.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. ७ तारखेला अमेरिकेत पहिला दावा दाखल झालासुद्धा. तिकडचे वकील भोपाळला उतरले, आणि डोळे उघडता न येणाऱ्या माणसांचे अंगठे छापील कागदांवर घेतले गेले. अमेरिकेत वकिलाला भरपाईतला हिस्सा फी म्हणून घेता येतो, पुष्कळदा तिसरा हिस्सा. आपल्याकडे बार कौन्सिलचे नियम ना असा हिस्सा घेऊ देत, ना काम मागत दारोदार फिरू देत. तरी त्या वकिलांना नुसती गिधाडं म्हणून मोकळं होणं मला जमत नाही. माणसाच्या जिवाची किंमत तिकडच्या कोर्टात कितीतरी जास्त लागते, हे दोन्ही पक्षांना ठाऊक होतं. म्हणून तर पहिली लढाई झाली ती खटला चालवायचा कुठे, यावर.

त्या लढाईत भारत सरकार न्यूयॉर्कच्या कोर्टाला सांगत होतं, की आमच्या न्यायालयांना हा खटला पेलणार नाही. कंपनी म्हणत होती, भारतीय न्यायालयं पूर्ण समर्थ आहेत. सरकारच्या बाजूने प्राध्यापक मार्क गॅलंटर यांचं शपथपत्र होतं, कंपनीच्या बाजूने आपल्या मुंबईच्या नानी पालखीवालांचं. पालखीवाला मनातलंच बोलले असणार. केशवानंद भारती खटल्यात राज्यघटनेसाठी झुंजलेला माणूस आपल्या न्यायालयांना उणं लेखणार नाही. पण आपलं खरं बोलणं कुणाच्या कामी येतंय, हे वकिलाने बघायचं की नाही? मला वाटतं, बघायचं. १२ मे १९८६ रोजी न्यायाधीश जॉन कीनन यांनी खटला भारतात धाडला.

इथे कंपनीचं वकीलपत्र फली नरीमन यांनी घेतलं. आलेलं काम वकिलाने सहसा नाकारू नये, हा आपल्याच व्यवसायाचा नियम. पुढे कितीतरी वर्षांनी ते जाहीरपणे म्हणाले, की पुन्हा वेळ आली तर हा खटला घेणार नाही. एवढं नाव झाल्यावर असं बोलायला केवढं बळ लागलं असेल! त्या कबुलीने माझ्या मनात त्यांची उंची वाढली.

मला सगळ्यात जास्त सलतं ते मात्र वेगळंच. १९८५ च्या कायद्याने पीडितांच्या वतीने दावा चालवण्याचा अधिकार एकट्या केंद्र सरकारने स्वतःकडे घेतला. आधी न समजावता अंगठे घेतले गेले होते. आता अंगठ्याचीही गरज उरली नाही. ३.३ अब्ज डॉलर मागणारं सरकार १४ फेब्रुवारी १९८९ ला ४७ कोटी डॉलरवर राजी झालं. ज्यांची फुप्फुसं जळली त्यांना कुणी विचारलं नाही. त्याच डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की पीडितांना आधी नोटीस द्यायला हवी होती. पण फेरविचाराच्या सुनावणीत त्यांचं म्हणणं मांडता येईल, तेवढं पुरे. मला ते पुरेसं वाटलं नाही, आजही वाटत नाही.

आता मी वकीलपत्र मोठ्याने वाचतो आणि त्या ओळीपाशी थांबतो. परवा एका बाईने विचारलं, "म्हंजे मला न इचारता तुमी मिटवू शकता?"

"या कागदाने, हो."

"मग ती ओळ खोडा."

तिच्यासमोर मी ती खोडली. मग तिने अंगठा पुढे केला.